तोच सर्जन, दोन रुग्णालये

१९५८ साली डॉ. कमलाकांत पाठक यांनी अमरावतीच्या रुग्णालयात ३१२ शस्त्रक्रिया केल्या. सहा रुग्ण दगावले. त्याच वर्षी, एकाआड एक रविवारी, अकोल्याच्या लहान रुग्णालयात त्यांनी २६ केल्या, पाच दगावले.

आकडे त्यांच्याच वहीतले; ती त्यांनी मला दाखवली होती. मी अमरावतीस रसायनशास्त्र शिकवीत असे. ऑगस्ट १९५९ मध्ये माझ्या पत्नीचे, ताराचे, पित्ताशय काढायचे होते. तिचे माहेर अकोल्यात, जठारपेठेत.

"अहो, अमरावतीत माझं करणार कोण? तुम्ही? तुम्हाला चहासुद्धा गाळता येत नाही."

शस्त्रक्रिया अकोल्यात करायचे मी मान्य केले. अकोल्याचे ते पाचही जण जखमेत पू होऊन, तापाने फणफणत गेले होते, हे तिला सांगितले नाही.

रविवारी, २३ तारखेला, तिला आत नेले. परिचारिका मैनाबाई वाफेने निर्जंतुक केलेल्या पट्ट्यांचा पत्र्याचा ड्रम घेऊन निघाल्या.

"मास्तर, काहून घाबरून राहिले? डाक्टर तोच. अमरावतीले काय सोन्याचा चाकू हाय?"

ड्रमच्या झाकणावरील चिठ्ठीवर तारीख होती : ९ ऑगस्ट.

"या पट्ट्या त्या दिवशी वाफवलेल्या?"

"हो. तवा एकच केस झाली, अर्धा ड्रम उरला. साजऱ्या कोऱ्या पट्ट्या पुन्हा कायले वाफवायच्या? कोळसा फुकट येते काय?"

"गेलेल्या पाचांच्या वेळीही उरलेलाच होता?"

मैनाबाईंचे हसू मावळले.

मी चिठ्ठी ओढून घेतली आणि बुटांसकट आत शिरलो.

"हरिहरराव, बाहेर व्हा!" डॉक्टर ओरडले. मी चिठ्ठी पुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि हातमोजे काढले.

"काय झालं हो?" टेबलावरून ताराने विचारले.

शस्त्रक्रिया रद्द झाली. मैनाबाई जुन्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवीत. दुपारी आम्ही त्या गेल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पंधरा शस्त्रक्रियांना ताजा ड्रम होता, मृत्यू नाही. अकरांना उरलेला, मृत्यू पाच.

अमरावतीत काम पुष्कळ असल्याने ड्रम ज्या दिवशी उघडे त्याच दिवशी संपे. अकोल्यात काम थोडे, म्हणून उघडलेला ड्रम चौदा दिवस राही. झाकण उघडताना शिरलेले जंतू पट्ट्यांबरोबर पुढच्या रुग्णाच्या जखमेत जात होते.