पंपाच्या मुंग्या

पुणतांब्याजवळच्या त्या साखर कारखान्यात विजेची यंत्रं दर महिन्याला तपासायची, असा वरचा हुकूम होता. तपासणार विजेचे साहेब, काकासाहेब. त्यांची तपासणी म्हणजे जाड रबरी तळाचे बूट घालून यायचं, यंत्राला उलटा हात लावायचा आणि आपल्याला काही झालं नाही म्हणून खडूने 'ठीक' लिहून चहाला जायचं. रबराने वीज अडते हे साहेब शिकले होते. पण परीक्षा झाल्यावर त्यांनी पुस्तक विकलं असावं.

पंपावरचा यशया मात्र ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहायचा. पावसाळा लागला तसा पंपाला हात लावताच त्याचा हात कोपरापर्यंत झिणझिणू लागला. एक दिवस हात सुटलाच नाही तर, या धास्तीने त्याला घास गोड लागेना. शेवटी त्याने साहेबांना गाठलं.

"सायब, पंपाला हात लावला की मुंग्या येत्यात."

"साखरेच्या कारखान्यात मुंग्या नाही तर काय हत्ती येणार?" साहेब म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

दुसऱ्या दिवशी पंपाभोवती घासलेट ओतलं गेलं. लढाईचे दिवस, गावात दिव्याला थेंब मिळत नव्हता, आणि इथे नसलेल्या मुंग्यांना अंघोळ! वर झिणझिण्या सुरू झाल्यापासून यशया ज्या कोरड्या लाकडी फळीवर उभा राहून जीव सांभाळत होता ती फळीही साहेबांनी फेकायला लावली; म्हणे, मुंग्या तिच्याखालीच घर करतात. या मुंग्या विजेच्या हायत, बूट काढून हात लावून बघा, असं यशयाने परोपरीने सांगितलं. पण साहेब त्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय थोडेच ठेवणार! त्या अडाणीपणाची यशयाला किळस आली.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा निघाली. साहेबांच्या बंगल्याला पाणी हवं म्हणून पंप चालूच होता. पूजा बुटांनी कशी करायची? साहेबांनी बूट दाराशी काढले, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि कुंकवाचं ओलं बोट पंपाला टेकवलं.

दुसऱ्या क्षणी साहेब भिंतीपाशी बसले होते, हळदीकुंकवाचं तबक अंगावर घेऊन. धोतर पिवळं, तोंड पांढरं. कोणी हसलं नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी होती.

यशयाने खटका पाडून पंप बंद केला. मग साहेबांच्या समोर बसून त्याने अदबीने विचारलं, "सायब, घासलेट आनू का?"