साहेबांसाठी साफ केलेला नाला

मँगनीजची खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. जाताना कंपनीनं यंत्रं नेली, छपरांचे पत्रे नेले. मातीचे काळे ढिगारे मात्र तसेच ठेवले. दर पावसाळ्यात ते थोडे थोडे नाल्यात उतरत आणि खालच्या पिंपळटोली या वस्तीपाशी गाळ होऊन बसत. उन्हाळ्यात नाला आटला की टोलीतल्या बाया त्याच गाळात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत.

रुखमाबाईचा नवरा कवडू खाणीत कधी उतरला नव्हता. तरी त्याचे हात थरथरत, चालताना पाय आखडत. हे गाळामुळंच झालं, असं ती म्हणे. नागपूरच्या कचेरीत खेटे घालून तिनं शेवटी गाळ तपासणारा माणूस मिळवला. झिऱ्यांच्या गाळात विष निघालं, तर टोलीला हातपंप मिळणार होता.

१९७६च्या मे महिन्यात ते तपासणारे कृष्णकांत साहेब यायचे होते, त्याच सकाळी ती कवडूला नागपूरच्या दवाखान्यातून घेऊन एसटीतून उतरली. नाल्यात पांढरी वाळू अंथरली होती. झिऱ्यांभोवती चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

सरपंच गणपतराव ते काम डोळे भरून पाहत उभे होते. आपल्या बैलगाड्या जुंपून त्यांनी सगळा गाळ उचलला होता आणि खत म्हणून आपल्या संत्र्याच्या बगीच्यात टाकला होता.

“काहून उचलला?” रुखमाबाईनं विचारलं.

“साहेब येऊन राहिले, वहिनी. गावाची घाण दाखवाची का त्याईले?”

“थो घाणच पाहाले येऊन राहिला, भाऊजी.”

गणपतरावांनी वाळूकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

जीप आली. कृष्णकांत साहेबांनी फावड्यानं खणलं, वाळू निघाली. ती त्यांनी कापडी पिशवीत भरली. रुखमाबाईनं त्यांना ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी नेलं. तिथं घोट्याइतका काळा गाळ होता. तोही त्यांनी घेतला, पण म्हणाले की यानं गाळ इथं आहे एवढंच ठरतं. तुम्ही पाणी पिता तिथं आहे, हे ठरत नाही. बगीच्यातला ढीग जागेवरून हलवलेला, म्हणून तोही चालणार नव्हता. पावसाळ्यानंतर झिऱ्यांपाशी पुन्हा गाळ बसेल, तो कोणी हलवू नका, मी पुढच्या उन्हाळ्यात येतो, असं त्यांनी सांगितलं.

“म्हणजे पुरावा राहावा म्हणून आमी आणखी एक वरीस थेच प्याचं?”

साहेब पिशवीची गाठ बांधत राहिले.

रुखमाबाई गणपतरावांकडं वळली. “पाहुण्यासमोर सांगा, भाऊजी. तोवर टोलीनं तुमच्या बगीच्यातल्या विहिरीवर पाणी भराचं का नाही?”

त्या विहिरीला आजवर कुलूप असे. गणपतरावांनी साहेबांकडं पाहिलं आणि हो म्हटलं.

तिनं दुपारपर्यंतही थांबणं मान्य केलं नाही. घागरी घेऊन बाया तिच्या मागून निघाल्या, कुलूप उघडायला गणपतरावही. विहिरीला लागूनच चढावर, संत्र्यांच्या बुडाशी तो गाळ रचलेला होता. पहिल्या पावसात तो सरळ विहिरीत उतरला असता. स्वतःच्या नातवंडांना हेच पाणी पाजणाऱ्या गणपतरावांना ते दिसलं नव्हतं.

रुखमाबाईनं घागर खाली ठेवली.

“गाड्या सोडू नका, भाऊजी,” ती म्हणाली. “आधी हे उचला. अन् आता तरी जागा पाहून टाका.”