डाव्या खिशाचा चाकू

भाद्रपद सरत आला होता. गौरी-गणपती बोळवून पंधरा दिवस झाले होते, आणि सड्याच्या कातळपठारावर गुलाबी तेरडा, जांभळा तेरडा, पांढरा तेरडा असा दाटला होता की पायवाटेनं हार मानली होती. जलधौत, सुवर्णशीतल ऊन अंगणभर सांडलं होतं. खाली खाडीची नीलरेखा, वर शुभ्र, निरुद्योगी मेघांचे कळप, आणि या साऱ्या ऐश्वर्याकडे पाठ करून पडवीत बसलेला धाकू.

धाकू म्हणजे कलमं बांधणारा धाकू. पंचक्रोशीतल्या निम्म्या हापूसच्या बागा याच्या डाव्या हातच्या. रायवळ रोपाला हापूसची काडी जोडावी, पट्टीनं बांधावी, आणि ती काडी फुटेपर्यंत रोपाशी, कोंबड्यांशी, आल्यागेल्याशी आणि मुख्यतः बायकोशी भांडावं, हा त्याचा धर्म. कालवणातल्या मिठावरून भांडण, रेडिओच्या आवाजावरून भांडण, आज भांडण नाही म्हणून भांडण. शेवंती त्या भांडणांवरून दिवसाची वेळ ओळखायची.

वैशाखाच्या अखेरीस तो कलमकाड्या हेरायला जुन्या हापूसवर चढला, आणि खिशाला अडकवलेल्या घडीच्या चाकूची क्लिप तुटली. खैराच्या मुठीचा, तीस वर्षांचा सोबती खाली निघाला. धाकूनं त्याच्यासाठी हात टाकला, आणि चाकूपाठोपाठ धाकूही आला.

पाय मोडला. पाय सांधलाही. पण धाकू गप्प झाला. मीठ कमी, तरी गप्प. मीठ नाहीच, तरी गप्प. चाकू कोनाड्यात धूळ खात पडला आणि परसात तीनशे रोपं पिशव्यांतून माना उंच करून वाट पाहत राहिली. आश्विनाचं ऊन तापलं की कलम धरत नाही. हंगामाचे आठच दिवस उरले होते. पण शेवंतीला खरी चिंता कलमांची नव्हती. नांदतं घर असं मुकं झालेलं तिला सोसवत नव्हतं. तिला तिचा भांडखोर नवरा परत हवा होता.

त्या सकाळी तिनं कोनाड्यातून चाकू काढला आणि पदर खोचला.

माहेरी शेजारच्या लोहाराचा भाता ओढत ती वाढली होती. झाडं छाटायच्या मोडक्या करवतीचा तुकडा तिनं चुलीत सारला. काळं पोलाद लाल झालं, पिंगट लाल, जास्वंदी लाल. मग राखेत निजून मऊ झालं. छिन्नीनं तिनं क्लिपसाठी बोटभर पट्टी तोडली, कानशीनं दाते घासले, टोकाला भोकं पाडली, वरवंट्यावर ठोकून तिला नाजूक बाक दिला. पुन्हा आग, आणि रसरसलेली पट्टी खोबरेल तेलात. चर्र झालं, आणि सारं घर खमंगलं.

राहिला शेवटचा, सगळ्यांत नाजूक ताप. घासून उजळ केलेली पट्टी तिनं निखाऱ्यावर धरली. रुपेरी पोलादावर पिवळी झाक आली, पिवळ्याची तांबूस झाली, तांबूस जांभळी, आणि जांभळ्यातून एका क्षणी निळा उमलला. मोरपंखी निळा, गहिरा निळा, खाडीलाही न साधलेला निळा. शेवंतीनं झटकन पट्टी उचलली. वाकवली, सोडली; पट्टी टणकन जागेवर आली. बाई एकटीच हसली.

मुठीची जुनी भोकं झिजून सैल झाली होती. तिनं चाकू पालटला, दुसऱ्या अंगाच्या कोऱ्या लाकडाला आरीनं भोकं पाडली, दोन स्क्रू पिळले. स्वतःच्या कमरेला उजवीकडे अडकवून पाहिला. घट्ट बसला.

आता द्यायचा. सुरी, मीठ, मिरची हातातून हातात देऊ नये. खाली ठेवावी, घेणाऱ्यानं उचलावी, नाहीतर भांडण होतं. तीस वर्षं शेवंतीनं हा चाकू पडवीच्या कट्ट्यावर ठेवूनच दिला होता. म्हणजे भांडणं व्हायची ती झालीच, पण तिच्याकडून चूक नव्हती. आज ती कट्टा ओलांडून थेट धाकूसमोर उभी राहिली. हात पुढे केला.

"घेवा. हातातच घेवा."

धाकूनं वर पाहिलं. बायकोच्या काजळलेल्या तळव्यावर तो निळा तुकडा पाहिला. मग त्याचा डावा हात उठला, चाकूवर मिटला, सवयीनं डाव्या खिशाकडे गेला, आणि अडला.

"क्लिप ही खयच्या अंगाक लावलंस?" चार महिन्यांचा गंजलेला आवाज करकरत बाहेर आला. "चाळीस वर्सां संसार केलंस, माजो हात डावो ह्यां ठावक नाय तुका?"

शेवंतीनं तोंडावर हात ठेवला. ही चूक मात्र तिनं ठरवून केली नव्हती. "थयली भोकां झिजली हत. म्हणान ह्या अंगाक लावलंय."

"झिजली तर आगपेटीच्ये काडये भरुचे. ह्यां पण मियाच सांगूक होया?"

"चार म्हयने खय हुती तुमची जीभ?"

आणि सुरू झालं. काड्यांवरून सुरू झालं, स्क्रूवर गेलं, स्क्रूवरून मिठावर, मिठावरून चार महिन्यांच्या साठलेल्या प्रत्येक मिठावर. भांडता भांडता धाकूनं स्क्रू काढले, जुन्या भोकांत काड्या ठोकल्या, क्लिप डावीकडे बसवली. भांडता भांडता तो लंगडत परसात उतरला. शेवंती सुखानं भरून पावली होती, आणि एकेका शब्दाला दोन दोन शब्द परत करत होती. दुपार कलली, रायवळ खुंटांवर हापूसच्या काड्या चढत गेल्या, एक, दहा, चाळीस.

संध्याकाळी केशरी उजेडात धाकूनं पातं पुसून मिटलं. कट्टा समोरच होता. तो तिथं चाकू कधी ठेवतो याची वाट पाहत शेवंती उभी होती.

धाकूनं कट्ट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि चाकू सरळ तिच्यापुढे धरला. तिनंही पटकन ओंजळ पुढे केली. खैराची जुनी मूठ, निळी नवी क्लिप, हातातून हातात गेली. उद्याची सोय झाली.