उजवी काठी

मी एक जुना कापडी फलक आहे. हल्ली सगळे मला बॅनर म्हणतात, म्हणेनात का. लांबी सोळा हात, रुंदी चार हात आणि रंग निळा, म्हणजे एके काळी निळा होता. माझ्या अंगावर पांढऱ्या कापडाची मोठी अक्षरं शिवलेली आहेत, 'सोबत आहोत'. मित्रांनो, तुम्ही फुटबॉलची मॅच बघायला जाता तेव्हा खेळाडू बघता, चेंडू बघता, रेफ्रीच्या नावाने बोटं मोडता. माझ्यासारख्याकडे कोण कशाला लक्ष देतो? पण आज मला बोलायचंय. चार वर्षं मी एक गोष्ट पोटात ठेवून आहे आणि ती आता ठेववत नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. गावातलं सिनेमाचं थिएटर बंद पडलं, तेव्हा त्याचा निळा पडदा कोणी तरी या शिंप्याला आणून दिला. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी पडद्याचा धडका भाग निवडून मला बेतलं. अक्षरं त्यांच्या बायकोने कापली. 'त'चा गोल पोट सुटल्यासारखा झालाय म्हणून ते तिला चिडवत होते आणि ती म्हणत होती, "तुमच्यावरच बेतलाय." ती पुढे आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मास्तरांना आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं, ते म्हणजे टिक्या.

टिक्या म्हणजे चार दुकानं सोडून बसणारा घड्याळजी. दिवसभर घड्याळांच्या टिकटिकीत बसतो म्हणून मास्तरांनीच त्याचं हे नाव पाडलं. माझ्या दोन्ही टोकांना नेफे होते आणि त्यांत दोन काठ्या. डावी काठी मास्तरांची, उजवी टिक्याची. आमच्या गावचा फुटबॉल संघ परक्या गावी खेळायला गेला की बसच्या मागच्या सीटवर घडी घालून मी, आणि माझ्या दोन बाजूंना ते दोघे. बावीस वर्षं हा क्रम चुकला नाही. ऊन असो, थंडी असो, समोर हजारो लोक त्यांच्या संघासाठी ओरडत असोत, आम्ही कोपऱ्यात मूठभर माणसं उभी राहायचो आणि मी त्यांच्या डोक्यावर ताठ! काय सांगू तुम्हाला, गोल झाला की दोन्ही काठ्या एकदम उडायच्या आणि माझ्या अंगातून वारं जायचं. खेळाडू धावत माझ्यासमोर यायचे. एकदा तर वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. मास्तरांचं अर्धं डोकं त्यात होतं, टिक्याचा नुसता कोपर होता, आणि मी मात्र पूर्ण.

आमच्या मंडळींचा एक नेम होता. पहिल्या शिट्टीला फलक वर जायचा तो शेवटच्या शिट्टीलाच खाली यायचा. मध्यंतर तेवढं वगळायचं. खेळ चालू असताना फलक खाली आला की गोल बसतो, असं सगळे मानायचे. कोणी ठरवलं कोण जाणे! शिकलेली सवरलेली माणसं, पण या बाबतीत अगदी ठार वेडी. नाक खाजलं तरी काठी सोडायची नाही.

आता ती गोष्ट ऐका. चार वर्षांपूर्वी आमचा संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या निर्णायक लढतीपर्यंत पोहोचला होता. ती एक लढत जिंकली की संघ वरच्या गटात. मॅच परक्या मैदानावर होती. बरोबरी चालली होती, शेवटची दोनच मिनिटं राहिली होती. आणि टिक्याची काठी खाली आली. मी एका बाजूने लोंबलो. त्याच घटकेला आमच्या बचावपटूचा पाय घसरला आणि समोरच्याने गोल मारला.

परतीची बस सुरू झाली. मग मास्तर बोलले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दोन मिनिटं! दोन मिनिटं तुला धीर धरवला नाही. तुझ्या आळसाने घात केला, टिक्या." टिक्याने मान खाली घातली. बस थांबल्यावर तो मागच्या दाराने उतरला आणि मास्तर पुढच्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मित्रांनो, मला खरं काय ते माहीत होतं. काठी माझ्या नेफ्यातून जाते, तिच्यातून मला हात कळतो. त्या मॅचच्या आधी वर्षभर टिक्याचा उजवा हात थरथरत होता. तो कोपर कठड्याला टेकवायचा. मास्तरांचं लक्ष चेंडूकडे गेलं की हळूच काठी डाव्या हातात घ्यायचा आणि त्यांनी मान वळवायच्या आत परत उजव्यात. त्या दिवशी त्याने शेवटची वीस मिनिटं दात आवळून काढली होती. तो आळस नव्हता हो! पण मी पडलो कापड. ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी नुसता फडफडत होतो.

मग मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डांबराच्या चार गोळ्या टाकून, दुकानाच्या माळ्यावर ठेवण्यात आलं. तिथून मला खालचं सगळं ऐकू यायचं आणि फटीतून दिसायचंही. दुपारी दोन वाजता मास्तर डबा उघडायचे. पूर्वी त्या वेळी टिक्या आपला डबा घेऊन यायचा आणि मास्तरांच्या डब्यातलं जास्त खायचा. आता फक्त एका डब्याचं झाकण वाजायचं. मास्तर जेवताना पंख्याशी बोलायला लागले. "काय रे, आज फार कुरकुरतोयस," असं त्याला म्हणायचे. घरी जाताना ते चार दुकानांपुढून जाण्याऐवजी मागच्या गल्लीने वळसा घालून जायचे. त्याने आधी यावं, असं यांचं म्हणणं. त्याचंही तेच असणार. दोघे आपापल्या जागी हटून बसले आणि चार वर्षं निघून गेली. मला कसर लागली, पण ती मास्तरांना दिसली नाही.

यंदा आमचा संघ पुन्हा प्लेऑफमध्ये आला. मॅच पुन्हा परक्या मैदानावर. आठ तासांचा प्रवास. मॅचला चार दिवस असताना आमच्या पाठीराख्यांच्या मंडळाचा प्रमुख बेकरीवाला आणि निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई दुकानात येऊन बसले.

"त्यांच्या मैदानावर दोन वर्षांत कोणी जिंकलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आता कोणीतरी जिंकायची वेळ झालीय," बेकरीवाला म्हणाला.

"आपल्या गोलकीपरचं बोट सुजलंय."

"नऊ चांगली आहेत ना!"

"तुम्हाला सगळ्यात थट्टा सुचते. मला दोन दिवस झोप नाही. या वेळी हुकलं तर निम्मा संघ दुसरीकडे जाईल. पुन्हा असा संघ माझ्या हयातीत व्हायचा नाही."

बेकरीवाला हळू आवाजात म्हणाला, "झोप मलाही नाही, बाई. काल पाव करपवले." आणि मास्तरांकडे वळून म्हणाला, "मास्तर, घोडामैदान जवळ आलंय. फलक काढा."

"धरणार कोण?"

"माझा भाचा धरेल. चांगला ताडमाड आहे."

"ती काठी कोणाची आहे ते तुला माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि मशीन जोरात चालवायला लागले. बेकरीवाल्याने बाईंकडे पाहिलं. दोघं उठून गेले. मी माळ्यावर पडून होतो. माझ्याशिवायच बस जाणार, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिक्याची मुलगी आली. चार वर्षांत ती पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढली होती. तिच्या हातात तीन शर्ट होते.

"काका, बाबांना सांगू नका हं मी आले होते ते. या शर्टांची उजवी बाही बगलेपासून मनगटापर्यंत उसवायचीय. आणि तिथे बंद लावून द्या, बांधता येतील असे."

मास्तरांनी शर्ट उलटून पाहिले. तिन्ही त्यांनीच शिवलेले होते. "बाही कशाला उसवायची? शिवण चांगली आहे."

"हात बाहीत जातच नाही. खांदा धरलाय. रोज सकाळी शर्ट घालताना डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. नवीन सैल शर्ट घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. हेच हवेत."

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली की. तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या त्या मॅचच्या आधीच डॉक्टरांनी बजावलं होतं, हात वर धरायचा नाही म्हणून."

मास्तरांची कात्री टेबलावर होती, ती त्यांनी उगाच उचलली आणि पुन्हा ठेवली. "मग काठी कशाला धरली त्याने?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाले, मी काठी सोडली तर मास्तरशेजारी दुसरा कोणीतरी उभा राहील."

मुलगी गेली. मास्तरांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. मग मला रडण्याचा आवाज आला. म्हातारी माणसं किती वाईट रडतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आधी त्यांनी तिन्ही शर्टांच्या बाह्या उसवल्या आणि मऊ कापडाचे बंद लावले. मग स्टूल घेऊन मला माळ्यावरून उतरवलं. कसर दिसली तेव्हा "अरेरे" म्हणाले आणि चार ठिकाणी ठिगळं लावली. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सोसवलं नाही. त्यांनी माझे दोन्ही नेफे उसवले. काठ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या. आणि माझ्या वरच्या काठाला बारा नाड्या शिवल्या, म्हणजे मला कठड्यालाच बांधता येईल, कोणाला हात वर धरावा लागणार नाही.

संध्याकाळी बगलेत शर्ट आणि खांद्यावर मी, असे मास्तर पुढच्या रस्त्याने निघाले. चार दुकानं पार करायला त्यांनी पाव तास लावला. टिक्या डोळ्याला भिंग लावून कामात होता.

"काय बिघडलंय?" मान वर न करता त्याने विचारलं.

"पुष्कळ," मास्तर म्हणाले.

टिक्याने भिंग काढलं. मास्तरांनी शर्ट काउंटरवर ठेवले. "घालून बघ. उजवीकडून बांधायचे आहेत."

टिक्याने बंद बोटांनी चाचपले. मुलीने सांगितलंय, हे त्याला कळलं.

"मला सांगायचंस ना, गाढवा," मास्तर म्हणाले. "तेव्हा बसमध्ये मी तुला सगळ्यांसमोर..."

"बोललास खरा."

"चुकलो."

"लागलं होतं मला. खांद्यापेक्षा जास्त." टिक्याने हे फार सरळपणे सांगितलं. मग त्याची नजर मास्तरांच्या मनगटावर गेली. "हे घड्याळ बंद आहे. कधीपासून?"

"झाले असतील दोनतीन महिने."

"आणि तू तसंच बांधून हिंडतोस! आण इकडे."

तो घड्याळ उघडेपर्यंत मास्तर स्टुलावर बसले. मग त्यांनी माझ्या नाड्या दाखवल्या. म्हणाले, "आता हात लावायची गरज नाही. नुसता शेजारी उभा राहा. येतोस?"

"आठ तास बसमध्ये? डॉक्टर आधी मला मारेल, मग मुलगी. तू जा."

"एकटा जाऊन काय करू?"

"अरे, प्लेऑफ आहे! बावीस वर्षं कशासाठी घसा फोडला?"

"तुझ्याकडे टीव्ही आहे ना?"

"आहे. चित्र जरा हिरवट दिसतं."

"मैदान हिरवंच असतं," मास्तर म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

तर मित्रांनो, मास्तरांनी मला बेकरीवाल्याच्या हवाली केलं आणि मी एकटाच आलो. बेकरीवाल्याने मला मांडीवर घेऊन आठ तास प्रवास केला. वाटेत बाईंनी तीनदा विचारलं, फलक आणलाय ना? आता मी परक्या मैदानाच्या कठड्याला बारा गाठींनी बांधलेला आहे. समोर हजारो अनोळखी माणसं आहेत. आमची मंडळी माझ्यामागे दाटीवाटीने उभी आहेत. बाईंचा घसा आत्ताच बसलाय आणि बेकरीवाल्याची थट्टा संपलीय. तो कठड्यावर बोटं आपटतोय. जिंकावं असं मलाही वाटतं, जीव तुटतो माझा. पण मैदानावर पहिल्यांदाच माझ्या दोन्ही टोकांना कोणाचा हात नाही. वारा आला तरी मी हलत नाही. इतक्या गर्दीत इतकं एकटं मला माळ्यावरही वाटलं नव्हतं.

तरी मी तक्रार करणार नाही. तिकडे एका खोलीत हिरवट चित्रासमोर दोन म्हातारे आत्ता भांडत असतील, हा नाही तो खेळाडू खेळवायला हवा होता म्हणून. ते तसे भांडत असतील तर माझं काय व्हायचं ते होवो.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. मला घडी घालून नीट ठेवा, कसर लागू देऊ नका, हे सगळं मी म्हणू शकलो असतो. पण ते राहू द्या. तुमच्या सोबतीच्या माणसाचा हात कधी खाली आला, तर शिट्टी, गोल, हारजीत सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्याला विचारा, 'दुखतंय का रे?' मला चार वर्षं हे विचारता आलं नाही, कारण मी कापड आहे. तुम्हाला तर तोंड आहे.