नागमोडी भिंत

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. माझ्यावर कुणी जेवले नाही, कुणी अभ्यास केला नाही. चहाचा कप ठेवण्याचीसुद्धा कुणाची छाती झाली नाही. काहीही न करता स्वस्थ राहणे हेच माझे काम, आणि ते मी वर्षानुवर्षे चोख केले आहे.

माझे अंग पोलादाचे. आत मधाच्या पोळ्यासारखी घरे आणि वर जाड पत्रा. माझे चारही पाय हवेने फुगवलेले आहेत, त्यामुळे मी जमिनीवर उभे असूनही तरंगते. रस्त्यावरून ट्रक गेला किंवा शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवले, की इमारतीला हादरा बसतो. तो मी पायातच जिरवते, वर पोचू देत नाही.

कारण माझ्या पाठीवर लेझरचे यंत्र आहे. त्याच्यापुढे काचेवर एक चिकट थेंब ठेवतात. किरण त्या थेंबातून आरपार जातो आणि थेंबाला काही म्हणजे काही होत नाही. फक्त जिथे किरण एका टिंबात गोळा होतो, तिथे प्रकाशाचे दोन कण एकदमच येऊन पडतात आणि तेवढाच ठिपका घट्ट होतो. ते टिंब थेंबाच्या पोटात फिरवायचे. जिथे ते फिरेल तिथे भिंत उभी राहते, केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. उरलेले पातळ द्रव्य धुऊन टाकले, की मागे खांब, कमानी, जिने राहतात, आणि सगळे मिळून धुळीच्या एका कणात मावते. इतकी वर्षे हे पाठीवर झेलते आहे, तरी नुसत्या उजेडाने बांधकाम होते याचे माझे नवल काही सरत नाही.

हे यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांना आत्याने लहानाचे मोठे केले, आणि त्या आत्याला आता ऐकू येत नाही. कानातले मज्जातंतू वेलीसारखे जिच्यावर चढतील अशी बारीक जाळी ताईंना बांधायची होती. ध्यासच घेतला होता त्यांनी. पण जाळीच्या भिंती दरवेळी नागमोडी यायच्या आणि धुताना कोसळायच्या.

"टेबल म्हातारं झालंय," त्यांचे सर म्हणाले. "पायातली हवा गळत असणार. नवं येईपर्यंत काम बंद ठेवू."

नवे यायला कित्येक महिने लागणार होते. मी भंगारात जाणार आणि आत्याची जाळी मागे पडणार हे उघड होते. ताईंनीही मान डोलावली, तेव्हा मला फार लागले.

मित्रांनो, खरे काय ते मला ठाऊक होते, पण टेबलाला तोंड कुठे असते? 'टेबलाला हात लावू नये' ही दारावरची पाटी ताईंनीच लावलेली. पण एकदा किरण चालू झाला, की त्या श्वास रोखून यंत्राच्या पडद्याकडे बघत बसायच्या आणि त्यांचे कोपर नकळत माझ्या कोपऱ्यावर टेकायचे. कोपरातून त्यांचे काळीज माझ्यात धडधडायचे, भिंत पुरी होत आली की अधिकच भरभर. जमिनीतला हादरा मी पायात जिरवते. हा तर वरून यायचा आणि थेट थेंबात उतरायचा.

काम बंद करण्याआधी ताई सरांना शेवटची बिघडलेली भिंत मोठी करून दाखवत होत्या. भिंतीतल्या लाटा अगदी ओळीने होत्या, पण शेवटाकडे दाटीवाटीने आलेल्या. टेबल बिघडले असते तर शेवटीच एवढी घाई कशी झाली असती, असे त्या पुटपुटल्या. मग त्यांची नजर स्वतःच्या कोपराकडे गेली. ते माझ्यावरच होते. त्यांनी दुसऱ्या हाताची बोटे मनगटावर ठेवली आणि नाडीचे ठोके त्या लाटांशी ताडून पाहिले.

"सर," त्या म्हणाल्या, "टेबल नाही. ही मीच आहे."

पुढच्या वेळी त्या दाराशी स्टूल घेऊन बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. भिंत सरळ उभी राहिली. पुढे त्या जाळीवर ठेवलेल्या मज्जातंतूंनी तिला धरलेही. ती कुणाच्या कानापर्यंत पोचायला अजून वर्षे लागतील, पण काम चालू आहे आणि मीही जागेवर आहे.

एकदा यंत्र बंद असताना ताई आत्याला घेऊन आल्या. त्यांनी पडद्यावर सरळ भिंत दाखवली नाही, तीच नागमोडी दाखवली. हे काय, असे आत्याने हातानेच विचारले. ताईंनी तिचा तळवा आपल्या छातीवर ठेवला. आत्या एकदा पडद्याकडे, एकदा ताईंकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तिने दुसऱ्या हाताच्या बोटाने माझ्या पत्र्यावर हळूहळू तोच ठेका धरला. ताईंनी तिला अडवले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे टेबल कुठे दिसले तर त्याला टेकू नका. जीव फारच गुंतला असेल, तर जरा लांब बसा. यंत्र बंद झाले, की मग खुशाल जवळ या. एकट्याला मलाही करमत नाही.