दोन किल्ल्या

नर्सने बुटाचं टोक फटीत घातलं, म्हणून दार पुरतं लागलं नाही.

"पाय काढा," आतून म्हातारा गुरकावला. "गटारं उपसायला माणसं मिळत नाहीत तुमच्या नगरपालिकेला, आणि लोकांच्या बंदुका बघत फिरता?"

"बघायची नाहीये. चापाला लावायचं कुलूप द्यायला आलेय. फुकट आहे."

"ते तुमच्या साहेबाच्या तोंडाला लावा."

वर्षभरात त्या भागात घरातल्याच बंदुकांनी तीन जीव गेले होते. तेव्हापासून परवान्याच्या यादीतलं एकेक घर गाठायचं काम नगरपालिकेने नर्सांवर टाकलं होतं. या घरची ही तिची तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने माहितीचा कागद फाडला होता, दुसऱ्या खेपेला अंगावर कुत्रा सोडला होता.

सुनेने मागून येऊन दार ओढलं. "येऊ द्या त्यांना, बाबा. घरात पोरं आहेत."

"तीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा होतो. एक गोळी चुकून सुटली नाही. ही मला शिकवणार?"

"मग देऊन टाका ना ती!" सुनेचा आवाज चढला. "आई गेल्यापासून तुमच्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नाही. उद्या पोरांनी हात लावला म्हणजे?"

"पोरांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. आत भांडं आदळलं.

नर्सने टेबलावर कुलूप ठेवलं, शेजारी दोन किल्ल्या. "एक तुमच्याकडे, एक सूनबाईंकडे. पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा."

म्हातारा खोलीत गेला आणि दुनळी बंदूक घेऊन आला. नळ्या खाली वाकवून त्याने आतलं काडतूस काढलं. एकच होतं. नर्स त्याच्याकडे बघत राहिली. कुलूप त्यानेच चापावर बसवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि दोन्ही किल्ल्या तिच्यापुढे सरकवल्या.

"घेऊन जा."

"एक तरी घरात लागेल."

"घरात नको." स्वयंपाकघराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "पोरांना नाही सापडणार. मला सापडेल."

नर्सने किल्ल्या मुठीत घेतल्या. मग खुर्ची ओढून ती बसली.

"बसायला कुणी सांगितलं?" तो खेकसला, आणि तिच्यासमोर बसला.