हवेची जाळी : बंद

मीटरबाई दारात दिसल्या की लोक आधी पळत जाऊन उगाच चालू ठेवलेले दिवे बंद करत. बाईंचं खरं नाव कितीजणांना ठाऊक होतं, देव जाणे. नळदुरुस्तीच्या दुकानामागे एका खोलीत वस्तीचं बचतघर होतं, तिथे बाई वर्षानुवर्षं फुकट राबत होत्या. कुणालाही तिथून आठवडाभरासाठी विजेचं छोटं मीटर नेता येई. घरातलं कुठलं यंत्र गुपचूप किती वीज पितं, ते त्यावर कळे. फटींना लावायच्या रबरी पट्ट्या मिळत, आणि दहा घरं एकत्र आली की बचतघर सगळ्यांच्या छपरावर उन्हाने पाणी तापवणारा सौर बंब बसवून देई.

सगळ्या गल्लीने बंब घेतला. घेतला नाही तो फक्त बाईंच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने.

"उन्हाचं पाणी?" ताई म्हणाली होती. "मधेच ढग आला तर मी काय अंगाला साबण लावून त्याची वाट बघत बसू?"

तापलेलं पाणी टाकीत रात्रभर गरम राहतं, हे बाईंनी तिला शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! ताईने न्हाणीघरातला जुना गॅसचा गिझर काही सोडला नाही. मग बाई म्हणाल्या, बंब राहू दे, निदान थंडीच्या आधी घरातल्या फटी तरी बुजवू. ताई 'नको गं, माझं चाललंय तसं बरंय' म्हणत असतानाच बाईंनी हट्टाने तिचं नाव कामाच्या यादीत घातलं. मोठ्या बहिणीचं ऐकायचं वय बाईंच्या मते केव्हाच सरलं होतं.

तपासणी बाई स्वतः करत. पातळ कागदाची पट्टी दाराखिडकीच्या कडेला धरायची, ती थरथरली की तिथून वारा येतो. मग चिठ्ठी भरायची. चिठ्ठीवर दोन रकाने असत, एक 'कसं आहे' आणि दुसरा 'काय करायचं'. दुसरा रकाना बाई कधीच भरत नसत. गरजच काय? काम करायला नऊ वर्षं सुतारकाका होते आणि त्यांना बाईंचं अर्धं वाक्यसुद्धा पुरत असे. बाईंनी 'सैल' लिहिलं की काका घट्ट करत, 'बंद' लिहिलं की काका मोकळं करून देत.

पण गेल्या सोमवारी काका लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि त्यांच्या जागी लांबी आला. हा गडी उंचीने जेमतेम साडेचार फूट. भिंतीच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं, आणि त्यात हसून घेण्याची सोयही झाली.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला लांबी बचतघरात आला तो खुशीतच. झालेल्या कामांच्या पाच चिठ्ठ्या त्याने टेबलावर ठेवल्या.

"बाई, तुमच्या ताईंचं घर सकाळी पुरं केलं. न्हाणीघर तर असं केलंय, मुंगीला आत शिरायची सोय नाही."

"शाबास," बाई मीटर पुसता पुसता म्हणाल्या. "आणि हवेची जाळी? रंगाने पार चोंदली होती. मोकळी केलीत ना?"

"मोकळी?" लांबी हसला. "अहो, तुम्हीच तर लिहिलंय. ही बघा ना चिठ्ठी. हवेची जाळी, बंद. आधी कागद कोंबला, वरून दोन हात लांबी मारली. आता बाराही महिने वारा यायचा नाही."

बाईंच्या हातातलं मीटर टेबलावर आपटलं, ते फुटलं की राहिलं, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बंद म्हणजे बंद पडलेली आहे. बंद म्हणजे उघडा. काकांना कळायचं. पण लांबी म्हणजे काका नव्हेत.

"लांबी, तिथे गॅसचा गिझर आहे हो!"

लांबीचा चेहरा पडला. लांबीच कशाला, शेंबड्या पोरालाही सांगितलं तर कळेल. कोंडलेल्या खोलीत गॅस जळत राहिला की विषारी हवा साठते. तिला ना रंग ना वास. माणसाला आधी जरा गरगरतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि मग काहीच वाटत नाही. आणि ताई सगळी कामं उरकून अंघोळ करायची ती बरोबर दोन वाजता. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

बाईंनी फोन लावला. वाजला, वाजला, वाजून थांबला. ताईला तसंही कमी ऐकू येई आणि फोन स्वयंपाकघरात ठेवायची तिला खोड. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"स्कूटर काढा," बाई म्हणाल्या.

रस्ता पाच मिनिटांचाच, पण त्या दिवशी तो काही केल्या संपेना. एका वळणावर वाळूचा ट्रक उलटा येत होता आणि ड्रायव्हर निवांत खाली बघत होता. बाईंनी आयुष्यात उच्चारली नव्हती ती शिवी त्याला घातली. लांबी पुढे बसून एकच वाक्य बडबडत होता, "मी विचारायला हवं होतं, मी विचारायला हवं होतं." बाईंना त्याला गप्प बसवायचं होतं. विचारायला त्याने हवं होतं की लिहायला मी? ताई नको म्हणत होती. साफ नको म्हणत होती.

घराची किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे. बाईंनी ती घाईत कुलपात उलटी घातली. लांबीने ती काढून घेतली आणि दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. ओट्यावर भांडी पालथी घातलेली, दोरीवरचा टॉवेल तेवढा नव्हता. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी. आत गिझरचा घुंऽऽ असा आवाज आणि पाणी पडतंय.

"ताई! ए ताई! दार उघड!"

पाणी पडत राहिलं.

लांबी मागे सरला आणि त्याने खांदा घातला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा कडी उखडली. वाफेचा लोट बाहेर आला. ताई भिंतीला टेकून खाली बसली होती, मान छातीवर, गाल लालभडक. लांबीने श्वास कोंडून गॅसचा कॉक फिरवला. दोघांनी तिला बखोटीला धरून फरफटत बाहेर अंगणात आणलं आणि बाईंनी हाताला लागली ती चादर तिच्यावर टाकली. "ताई, मला शिव्या दे, काहीही बोल," बाई तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून रडत होत्या. "तू मोठी आहेस ना? मग बोल!"

रुग्णवाहिका येईपर्यंत ताई बोलली नाही. श्वास मात्र चालू होता, तुटक तुटक. इस्पितळात तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. पाऊण तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचल्या. आणखी दहा मिनिटं असती तर मी हे सांगू शकले नसते."

बाई आत गेल्या. ताईने डोळे किलकिले केले, मास्क जरा बाजूला सारला.

"काय घातलंस गं माझ्या न्हाणीत?"

"माझं चुकलं ताई. चिठ्ठीत बंद लिहिलं मी. नव्या माणसाने सगळं बुजवलं."

ताईने विचारलं, "नव्या माणसाने माझंच घर केलं का फक्त?"

बाईंना बचतघरातलं टेबल आठवलं. टेबलावर पाच चिठ्ठ्या होत्या. सोमवारपासून पाच घरं. बंब घेऊनही जुना गिझर ठेवणारी घरं वस्तीत कमी नव्हती.

त्या धावत बाहेर आल्या. लांबी बाकावर डोकं धरून बसला होता. "कुठली चार घरं? सांगा! पटापट!"

पहिल्या घरात फोन लगेच उचलला. गिझर लावू नका, खिडक्या उघडा, बाईंनी सांगितलं. दुसऱ्यात उचलला. तिसऱ्या घरी गिझरच नव्हता. चौथा फोन एका माणसाने घेतला.

"कोण, मीटरबाई? बोला, दिवे बंद आहेत आमचे," तो हसत म्हणाला.

"घरात कोण कोण आहे?"

"मी एकटाच. म्हणजे बायको आहे, अंघोळीला गेलीय. झाला की अर्धा तास, बायकांचं तुम्हाला माहीत आहे."

"दार फोडा."

"काय?"

"न्हाणीघराचं दार फोडा! आत्ता! मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला!"

फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग धावणारी पावलं. मग ठोकणं, हाका, पुन्हा ठोकणं. लाकूड कडाडलं. मग काहीच नाही. बाईंनी लांबीचा दंड घट्ट पकडला होता.

आणि मग लांबून एका बाईचा आवाज आला, खणखणीत, चिडलेला. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? अंगाला साबण आहे माझ्या! बंबातलं पाणी संपलंय, नळाच्या गार पाण्याने कशीबशी अंघोळ करतेय, तो मेला गिझर सकाळपासून पेटत नाहीये, आणि तुम्ही दारं काय फोडताय!"

बाई इस्पितळाच्या फरशीवरच बसल्या. फोन त्यांनी कानाला दाबून धरला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"बोला हो," त्या फोनमध्ये म्हणत होत्या, "बोला, थांबू नका."